लेव्हलचं बटण

आमच्याकडे नियम उलटा आहे. ज्याने यंत्र दुरुस्त केलं, त्यानेच पुढच्या बुधवारी सगळ्यांसाठी डोनट आणायचे. कंपनीच्या जुन्या इमारतीत कुणीतरी चेष्टेत हे सुरू केलं. पुढे आम्ही सगळे निवृत्त झालो, जुने ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर रेघेने दाखवणारी यंत्रं, जमवून त्यांचं संग्रहालय थाटलं, दर बुधवारी या भाड्याच्या गाळ्यात बसून ते दुरुस्त करायला लागलो, तरी नियम काही सुटला नाही. कुणी यंत्रावर वाकला की बाकीचे ओरडतात, "सोड रे, खिशाला चाट बसेल!" आणि तो माणूस आणखी खाली वाकतो.

माझ्या नवऱ्याने, आर्विडने, आयुष्यात जितके डोनट आणले तितके आमच्या बीव्हरटन गावात दुसऱ्या कुणी आणले नसतील. दुकानातली बाई त्याला दारातूनच विचारायची, "आज कुणाला बरं केलंस?" मग त्याचे हात थरथरायला लागले. आधी डावा, मग दोन्ही. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. आर्विडने नाव शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोल्डरिंग किती दिवस करता येईल?" डॉक्टर तरुण पोरगी होती. तिला प्रश्नच कळला नाही. मला कळला, आणि मला त्या पोरीचा उगाचच राग आला.

वर्षातून एका शनिवारी आम्ही संग्रहालय सगळ्यांना खुलं ठेवतो. त्या दिवसासाठी आर्विडने यंदा एकच यंत्र धरलं होतं. सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप, आमच्या तरुणपणचा.

"हा शेवटचा," तो म्हणाला. "माझ्या हाताने हा लावतो आणि सोल्डरिंगचा आयर्न खाली ठेवतो. मग तुझ्या बागेत खुरपायला मोकळा."

"या हातांनी? माझ्या रोपांनी तुझं काय घोडं मारलंय?" मी म्हणाले.

तो हसला. मीही हसले. पण शेवटचं काम धड व्हावं, ते आपल्या हातून व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. ते मला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं.

त्या यंत्राची गंमत सांगते. समजा, तुमच्या दारावरून एक माणूस रोज इतक्या वेगाने पळत जातो की धड दिसतच नाही. मग काय करायचं? रोज त्याच्याकडे एकच नजर टाकायची. आज टोपीचं टोक, उद्या कपाळ, परवा नाक. असं करत करत कधीतरी अख्खा माणूस तयार होतो. सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप हेच करतो, ठिपक्याठिपक्याने. पण तो माणूस आला, हे दर वेळी कुणीतरी घंटी वाजवून सांगावं लागतं. ती घंटी म्हणजे ट्रिगर, आणि केवढ्या इशाऱ्याला ती वाजावी हे ठरवणारं बटण म्हणजे लेव्हल. या यंत्रातली घंटी आर्विडने आखलेली, आमचं लग्न व्हायच्या आधी. मी तेव्हा खालच्या मजल्यावर यंत्रं जुळवून तपासायचं काम करायचे आणि त्या घंटीला येताजाता शिव्या घालायचे, कारण ती जुळता जुळत नसे. एक दिवस तिचा बाप खाली आला, कोण शिव्या घालतंय ते बघायला. आमची ओळख अशी झाली.

तर आता ती घंटी बंद पडली होती. बटण 'फ्री रन'वर ठेवलं की यंत्र कुणाची वाट न बघता आपल्याच तालात टिपत सुटायचं. ठिपके दिसायचे, पण चिलटांच्या थव्यासारखे विस्कटलेले. 'नॉर्मल'वर आणलं, म्हणजे घंटीची वाट बघायला सांगितलं, की पडदा काळा. वाट बघतोय, बघतोय, घंटी काही वाजत नाही.

"केबल बघितलीस?" आर्विडने विचारलं.

"दोनदा," लोवेल म्हणाला. लोवेल म्हणजे आर्विडचा जुना चेला. आता त्यालाही नातवंडं झाली, टक्कल पडलं, तरी आर्विडसमोर तो अजून पोऱ्याच असतो. "बाहेरून ट्रिगर देऊन बघितला, आतून देऊन बघितला. चढती बाजू, उतरती बाजू. लेव्हल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. ढिम्म हलत नाही."

"व्होल्टेज?"

"सगळे जागच्या जागी. तुमच्या घंटीचा जीवच गेलाय, आर्विड. टनेल डायोड."

"माझी घंटी मरत नाही. तू काहीतरी आगाऊपणा केला असशील."

"मी? मी तर कव्हर काढताना पायातले बूटसुद्धा काढले!"

तिकडून ट्रूडी ओरडली, "ते आम्हाला वासावरून कळलंच होतं!" ट्रूडी दाराशी टेबल टाकून बसते. कंपनीत ती कॉइल गुंडाळायची, आता आलेल्या-गेलेल्याला गुंडाळते.

लोवेलचं म्हणणं खरं निघालं. तो डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा जिन्नस. घंटी वाजवण्याचं सगळं काम त्याचं. तो आता कुठे बनत नाही, आणि जुन्यातला चांगला मिळणं म्हणजे नशीब. लोवेलने तोंड पाडलं. आर्विड मात्र माझ्याकडे बघून गालात हसत होता.

"मोज्यांच्या खणात," तो म्हणाला.

आमच्या घरी मोज्यांच्या खणात, मागच्या बाजूला, फिल्मच्या रिळाची एक काळी डबी होती. मी ती कितीदा तरी टाकून द्यायला काढली होती आणि त्याने कितीदा तरी परत ठेवली होती. तिच्यात कापसात गुंडाळलेला तोच डायोड होता, कोरा. पहिलं यंत्र तयार झालं तेव्हा उरलेला. पुढच्या बुधवारी आर्विडने ती डबी खिशात घालून आणली आणि कुणाच्याही हातात दिली नाही.

हे डायोड साध्या मीटरने तपासायलासुद्धा भीती वाटते, इतके हळवे. उष्णता तर अजिबात चालत नाही. आयर्न टेकवायचा, सोल्डर वितळलं की उचलायचा, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या हाताने डायोडची तार पक्कडीत घट्ट धरून ठेवायची, म्हणजे उष्णता पक्कडीत जाते, डायोडपर्यंत पोचत नाही. दोन्ही हात लागतात, आणि दोन्ही स्थिर लागतात.

गोळी घेतल्यावर काही वेळ आर्विडचे हात बरे राहतात. आम्ही हिशेब करूनच गोळी दिली होती. पण त्या दिवशी गाळ्यातली वीज गेली, आणि ती येईपर्यंत गोळीचा अंमल उतरायला लागला. मला ते त्याच्या अंगठ्यावरून दिसलं.

"उद्या सकाळी करू या," मी म्हटलं. "लोवेल किल्ली घेऊन येईल. हो ना रे?"

"येईन की."

"आत्ता," आर्विड म्हणाला.

"मग पक्कड मी धरतो," लोवेल म्हणाला.

"तू कॉफी धर."

आमच्या यंत्रांच्या पोटात, एका कोपऱ्यात, चांदी मिसळलेल्या सोल्डरचं छोटं रीळ खुंटीला अडकवलेलं असतं. आतल्या चिनी मातीच्या पट्ट्यांना साधं सोल्डर चालत नाही, म्हणून ते कंपनीतूनच घालून पाठवायचे. पुढे केव्हातरी, कुठेतरी, कुणीतरी हे यंत्र उघडेल, त्याची अडचण होऊ नये म्हणून. आर्विडने ते रीळ काढलं, हातात फिरवलं आणि मला म्हणाला, "बघ, कुणी वापरलंच नाहीये." जुना डायोड त्याने सोडवला, तो सहज निघाला. मेलेल्याची कोण काळजी करतं? मग त्याने नवा ठेवला.

पहिलं टोक नीट बसलं. दुसऱ्या टोकाला त्याचा डावा हात हलला. पक्कड घसरली. आयर्न मात्र तिथेच राहिला, कारण सोल्डर धड वितळलं नव्हतं आणि थरथरणाऱ्या हाताला ते टोक पुन्हा सापडलं नसतं. तो तसाच दाबून बसला. मी मनातल्या मनात ओरडत होते, उचल, उचल, उचल. लोवेलच्या हातातली कॉफी हिंदकळत होती. आम्ही दोघांनी जन्म या कामात घालवला, काय चाललंय ते आम्हाला आंधळ्यालाही दिसावं तसं दिसत होतं, आणि आम्ही खांबासारखे उभे होतो. त्याच्या हातातून तो आयर्न काढून घ्यायला किती वेळ लागला असता? पण तो हात धरायची माझी छाती झाली नाही. त्या हाताला मी पहिल्यांदा भेटले तेव्हाही त्यात आयर्नच होता.

शेवटी त्याने तो उचलला. जोड छान चमकत होता. आर्विड त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"झालं," तो म्हणाला. "आज चालू नको करायला. शनिवारी लोकांसमोरच करू. मी दमलोय गं, घरी चल."

घरी येऊन तो झोपला. जेवणाच्या सुमाराला लोवेलचा फोन आला.

"मार्लिस, मला राहवलं नाही. मी चालू करून बघितला."

"आणि?"

"फ्री रनवर ठिपके. नॉर्मलवर काळाकुट्ट."

मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. बटाटे चुलीवर उतू जात होते, ते मी जाऊ दिले.

पुढचे दोन दिवस लोवेलने दुसऱ्या डायोडसाठी जगभर फोन लावले. हॉलंडमधला एक म्हातारा म्हणाला, माझ्याकडे आहे, पण बघितला तर तो दुसऱ्याच जातीचा निघाला. सिएटलच्या एकाने आहे म्हणून सांगितलं आणि मग फोनच उचलेना. दुसऱ्या यंत्रातला काढून इथे घालावा, तर आमच्याकडे अशा घंटीचं दुसरं यंत्रच नाही. मी आर्विडला सांगायचं म्हणून दोन वेळा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा तो शनिवारचा शर्ट कुठला घालायचा ते बघत होता. दुसऱ्यांदा झोपला होता, आणि झोपेत त्याचे हात अगदी शांत होते. मूग गिळून परत आले.

शुक्रवारी दुपारी मी गाळ्यावर गेले, तर लोवेल यंत्राच्या मागे पोटावर पालथा पडला होता.

"काय चाललंय तुझं?"

"आधी ऐकून घे, मग मार." तो धूळ झटकत उठला. "घंटी मेली म्हणून चित्र मरायला नको. हा फ्री रनमध्ये आपल्या मनाने टिपतो ना? टिपतो तेव्हा मागच्या बाजूला स्वतःचा एक इशारा बाहेर काढतो. तो इशारा मी पल्स जनरेटरला, आपल्या त्या पळणाऱ्याला दिला. म्हणजे हा म्हणतो, मी बघतोय, आता पळ. तो पळतो. चित्र कसं दगडासारखं स्थिर."

"हे मला शिकवतोस?"

"पुस्तकातलीच पद्धत आहे, मार्लिस. पाप नाही."

"आणि नॉर्मलचं काय? आर्विड येईल आणि आधी बटण 'नॉर्मल'वर आहे का ते बघेल."

लोवेलची मान खाली गेली. "आतून तार टाकलीय. बटण नॉर्मलवर असलं तरी आत फ्री रनच चालू. समोर ट्रिगरची केबलपण लावून ठेवलीय, नुसती दिसायला."

"हेही पुस्तकात आहे का?"

बिचाऱ्याचे डोळे लाल झाले होते. मी त्याच्यावर कशाला चिडत होते? मला दुसरं काही सुचत होतं का?

"फक्त एक," तो म्हणाला. "लेव्हलचं बटण. ते फिरवलं तर खऱ्या ट्रिगरमध्ये एका जागी चित्र सुटतं, पडदा काळा होतो. यात काहीच होणार नाही. ते बटण त्याने फिरवलं नाही म्हणजे झालं."

मला हसू आलं, आणि रडूही. पडद्यावर रेघ दिसली की लेव्हलचं बटण न फिरवणारा माणूस आमच्यात अजून जन्मायचाय. ते आमच्या बोटांना झालेलं व्यसन आहे. नवी आई जसं निजलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून बघते, तसं.

"मी नाही काही म्हणत," मी म्हटलं. हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. लोवेलने ते हो धरलं.

शनिवारी पाऊस होता, तरी गर्दी बरी जमली. आर्विडने निळा शर्ट घातला होता. हातातल्या काठीने लोकांना बाजूला करत तो यंत्रापाशी आला, तसे आमचे सगळे लोक मागून गोळा झाले. खरं काय ते लोवेलला आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

आर्विडने यंत्र चालू केलं. पडदा गरम व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात त्याने समोरच्या एका जोडप्याला तो पळणारा माणूस समजावून सांगितला, टोपी, कपाळ, नाक. त्यांच्या कडेवरच्या मुलीने त्याचं नाक धरलं. सगळे हसले. मग हिरवे ठिपके उमटायला लागले, एकामागून एक, आणि त्यांची रेघ झाली. सपाट, मग एकदम उभी चढलेली, मग पुन्हा सपाट. काठ कसा सुरीसारखा. स्थिर.

"लागला!" ट्रूडी किंचाळली. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. आर्विड रेघेकडे बघत होता. बटण नॉर्मलवर होतं, ते त्याने बघितलं. केबल लावलेली होती, ती बघितली. मग त्याचा उजवा हात वर आला, थरथरत, आणि लेव्हलच्या बटणावर बसला.

लोवेल आपल्या बुटांकडे बघायला लागला. मला नजर काढता येईना.

आर्विडने बटण डावीकडे फिरवलं. रेघ होती तशीच. आणखी डावीकडे, टोकापर्यंत. रेघ होती तशीच. मग उजवीकडे, हळूहळू, दुसऱ्या टोकापर्यंत. तिथे तो थांबला. रेघ हलली नाही, विझली नाही, काही काही झालं नाही. त्याने बटण परत मध्यावर आणून ठेवलं, अगदी खुणेवर, आणि हात खिशात घातला.

"छान चाललंय," तो म्हणाला.

"बुधवारचे डोनट तुझे, आर्विड!" ट्रूडी ओरडली.

"आणतो," तो म्हणाला. "आणतो की."

दिवसभर तो त्या यंत्रापाशी उभा होता. येईल त्याला समजावून सांगत होता. बटणाला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. घरी जाताना गाडीत मी कायकाय बोलत राहिले, ट्रूडीच्या सुनेबद्दल, पावसाबद्दल. तो हं हं करत होता. पुढचे दिवस तसेच गेले. मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. आयर्न त्याने पुसून खोक्यात घातला आणि खोकं गॅरेजमध्ये वरच्या फळीवर ठेवायला मला सांगितलं. मी ठेवलं.

बुधवारी सकाळी मी गाडी डोनटच्या दुकानापाशी थांबवली. तो काठी टेकत एकटाच आत गेला. काचेतून दिसत होतं, दुकानातली बाई त्याला नेहमीचं काहीतरी विचारत होती आणि तो मान हलवत होता. मोठं गुलाबी खोकं घेऊन तो बाहेर आला, गाडीत बसला, खोकं मांडीवर ठेवलं. मी किल्ली फिरवली नाही.

"हे लोवेलचे," तो म्हणाला. "चालवला त्यानेच. पण तो कसले आणतोय, लाजेने मरेल. म्हणून त्याच्या वतीने मी."

मी त्याच्याकडे वळले.

"बटण फिरवलंस तेव्हा कळलं ना तुला?"

"नाही गं." तो समोर बघत होता. "आयर्न उचलला तेव्हाच कळलं. डायोड गेला की हाताला कळतं. एवढी वर्षं केलंय."

"मग सगळं माहीत असून बटण कशाला फिरवलंस?"

काचेवरून पाणी ओघळत होतं.

"रेघ इतकी चांगली दिसत होती," तो म्हणाला. "मला वाटलं, कदाचित माझंच चुकलं असेल. हाताला चुकीचं कळलं असेल. म्हटलं, फिरवून तर बघू."

खोकं त्याच्या मांडीवर हातांबरोबर खडखडत होतं. मी माझा हात त्याच्यावर ठेवला, दाबून धरला. खोकं थांबलं नाही.